यशोगाथा पुरे, आता पूर्ण हंगाम दाखवा



आजची नोंद पिकाची नाही, टीव्हीची आहे. पण विषय आपल्या बांधावरचाच आहे, म्हणून जरा निवांत वाचा. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे मित्र हे पेज वाचतात, त्यांनी तर जरूर वाचा. शेवटी तुमच्यासाठीही काम आहे.

मृग जवळ आला की टीव्हीवर "आगामी" म्हणून पाट्या फिरायला लागतात. नवीन मालिका, नवीन माहितीपट, नवीन शेतीचा कार्यक्रम. त्यात शेतीचं काही दिसलं की मी हातातलं काम ठेवून बघतो. आणि बहुतेक वेळा तेच दिसतं. वरून ड्रोननं घेतलेला हिरवागार प्लॉट. शेतकऱ्याच्या डोक्याला कोरा फेटा, घडीसुद्धा मोडलेली नाही. मागून जड आवाज, "जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर...". आणि शेवटी एक आकडा. एकरी अमुक लाख!

माझं म्हणणं सरळ आहे. पब्लिकच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीनं, म्हणजे दूरदर्शननं, येत्या हंगामापासून यशोगाथा बाजूला ठेवाव्यात. त्याऐवजी एक शेत धरावं आणि एक हंगाम पूर्ण दाखवावा. पेरणीपासून मोंढ्यातल्या पट्टीपर्यंत. पीक आलं तरी दाखवावं, गेलं तरी दाखवावं. आणि शेवटी हिशोबाची वही कॅमेऱ्यासमोर उघडावी.

यशोगाथेत खोटं काय असतं? पुष्कळदा काहीच खोटं नसतं. प्लॉट खरा असतो, शेतकरी खरा असतो, आकडाही खरा असतो. गोम वेगळ्याच जागी आहे. शंभर जणांनी एखादं नवं पीक लावलं, त्यातल्या पाच जणांचं साधलं, आणि कॅमेरा त्या पाचांकडेच गेला, तर बघणाऱ्याला वाटतं की लावलं की साधतंच. उरलेल्या पंचाण्णवांच्या बांधावर कुणी फिरकत नाही. सफेद मुसळी आठवते? कोरफड आठवते? एमू पालन? पेपरात, टीव्हीवर, मेळाव्यात या सगळ्यांच्या गोष्टी आल्या होत्या. ज्यांनी रोपं विकली, पिल्लं विकली, त्यांचं साधलं. मागून उडी घेतलेल्यांचं काय झालं, यावर कुणी माहितीपट केला का?

आमच्याच शिवारातली गोष्ट सांगतो. कोणत्या वाहिनीची ते सांगत नाही. एका शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत शूटिंगवाले आले. पहिला प्रश्न, "एकरी किती निघाले?" त्यानं आकडा सांगितला. मग तो म्हणाला, "पण साहेब, त्याआधी दोन बहार तेल्यानं गेले, ते पण सांगू का?" तर उत्तर आलं, "नको काका, लांबतं ते." कार्यक्रम लागला, सगळ्यांनी बघितला. दुसऱ्या वर्षी आजूबाजूला चार जणांनी डाळिंब लावलं. त्यातल्या दोघांनी बागा उपटून आता परत सोयाबीन पेरलंय. "लांबतं" म्हणून जे कापलं, नेमकं तेच त्या चौघांना कळायला पाहिजे होतं.

आता माझ्या वहीतलं एक पान देतो, म्हणजे "हिशोब दाखवा" म्हणतो ते काय ते कळेल. २०२४ चा खरीप, एक एकर सोयाबीन, कोरडवाहू.

नांगरणी, रोटा, वखरणी: ३,००० रुपये
बियाणं: २,७००
खत: २,६००
पेरणी: १,०००
तणनाशक आणि फवारण्या: ४,०००
खुरपणी: २,०००
काढणी: ३,५००
मळणी: १,५००
वाहतूक, हमाली: ७००

एकूण २१,००० रुपये. उतारा सहा क्विंटल. मोंढ्यात भाव लागला ४,१००. हातात आले २४,६००. राहिले ३,६०० रुपये, चार महिन्यांचे. यात माझी मजुरी नाही, बायकोची नाही, जमिनीचा खंड नाही, रात्री रानडुकरं हाकलायला आखाड्यावर जागलो त्याचं काही नाही.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. त्या भावानं सहा क्विंटलचे २९,३५२ झाले असते. म्हणजे फक्त भावातल्या फरकात एकरी ४,७५२ रुपये गेले, माझ्या उरलेल्या नफ्यापेक्षा जास्त. मग हमीभावानं का नाही विकलं? नोंदणी, ओलाव्याची अट, बारदाना, खरेदीची तारीख आणि इकडं दिवाळीची उधारी. यातल्या एकेका शब्दावर अर्ध्या तासाचा माहितीपट होतो. ओलावा कसा मोजतात, मशीन कुठं लावतात, वाळवायला जागा कुठं असते, चार दिवस थांबायला शेतकऱ्याला काय मोडावं लागतं. बघायला सगळा महाराष्ट्र बसेल, कारण प्रत्येकाच्या घरचं आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं दूरदर्शनच्याच गळ्यात का? यूट्यूबवर हजार चॅनेल आहेत की.

आहेत. त्यातले काही चांगले आहेत, मी पण बघतो. पण जरा नीट बघा. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला एक बाटली येते. "मी हे टॉनिक वापरलं, लिंक खाली दिली आहे." त्या पोराचाही दोष नाही, त्याला पोट आहे. खाजगी वाहिनीला जाहिरातदार लागतो आणि शेतीच्या कार्यक्रमाचा जाहिरातदार म्हणजे बियाणं, खत, औषध आणि ट्रॅक्टर. ज्याच्या जाहिरातीवर कार्यक्रम चालतो, त्याचं औषध लागू पडलं नाही हे त्याच कार्यक्रमात कोण दाखवील?

म्हणून अशी एक वाहिनी पाहिजे जिला बाटली विकायची नाही. ती आपल्याकडं आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. त्याच्या कलम १२ मध्ये या संस्थेची उद्दिष्टं लिहिलीत. लोकांना मोकळेपणानं, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याच्या हक्काचं रक्षण करणं हे त्यात आहे. शेती आणि ग्रामविकासाकडं विशेष लक्ष देणं हेही त्यातच आहे. म्हणजे मी मागतोय ती मेहेरबानी नाही, कायद्यात लिहिलेलं काम आहे.

आणि हे काम त्यांना जमत नाही असंही नाही. इतिहास बघा. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, आणि २६ जानेवारी १९६७ ला 'कृषी दर्शन' सुरू झालं. ते कुणासाठी? दिल्लीच्या आजूबाजूच्या ८० गावांसाठी. त्या काळी गावात घरोघरी टीव्ही कुठला? गावात सामायिक संच बसवले, लोक एकत्र बसून बघायचे आणि चर्चा करायचे. नवीन गव्हाचं बी नुकतंच आलेलं, खताचा डोस, पाण्याची पाळी, सगळंच नवं होतं. कार्यक्रम ८० गावांसाठी होता म्हणून त्यात त्या ८० गावांचं रान होतं.

पुढं १९७५ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात इस्रोनं एक प्रयोग केला. पीज गावात छोटा ट्रान्समीटर, आसपासच्या गावांत सामायिक संच, आणि कार्यक्रम तिथल्याच चरोतरी बोलीत. गावातल्याच लोकांना कॅमेऱ्यासमोर आणलं. मजुरी, जातीतला अन्याय, दूध सोसायटी, दारू, जे गावात खरोखर चालू होतं त्यावर कार्यक्रम झाले. मजुराला ठरलेली मजुरी मिळते का, हा प्रश्न टीव्हीवर विचारला गेला, आणि बघणाऱ्यांत मालकही होता, मजूरही होता. १९८४ मध्ये त्या कामाला ग्रामीण संवादाचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढं तो ट्रान्समीटर बंद झाला. पण पन्नास वर्षांपूर्वी, जड कॅमेरे आणि रिळं घेऊन हे झालं होतं हे विसरू नका. आज खिशातल्या मोबाईलमध्ये त्याहून चांगला कॅमेरा आहे.

आपल्याकडं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. 'आमची माती आमची माणसं' हे नाव माहीत नाही असं माझ्या वयाचं माणूस खेड्यात सापडणार नाही. शास्त्रज्ञ साध्या भाषेत बोलायचे, आणि बाप पाटीवर काहीतरी लिहून घ्यायचा. त्या कार्यक्रमाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच तर एवढं लिहितोय. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्यावर कोण कशाला रागवेल?

आता आजचं बघा. २६ मे २०१५ ला डीडी किसान ही खास शेतकऱ्यांची वाहिनी सुरू झाली. चांगली गोष्ट. नऊ वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २६ मे २०२४ ला, वाहिनीनं दोन नवे निवेदक आणले. नाव क्रिश आणि भूमी. दोघंही माणसं नाहीत, कम्प्युटरनं केलेली आहेत. न थकता चोवीस तास बोलतात आणि पन्नास भाषांत बोलतात, असं सांगण्यात आलं.

मंडळी, मला यंत्राचा राग नाही. माझ्या शेतात ट्रॅक्टर चालतो, मोबाईलवर हवामान बघतो. पण सांगा, निवेदक थकतो ही आपली अडचण होती का? निवेदक बांधावर येत नाही, ही अडचण होती. पन्नास भाषा येणाऱ्या भूमीताईला सोयाबीनच्या शेंगेत दाणा का भरला नाही, हे माझ्या शेतात उभं राहून विचारता येत नाही. तिच्या पायाला चिखल लागत नाही. पन्नास भाषांपेक्षा आम्हाला एक भाषा पुरे, ज्यात "फरदड", "डोमकळी", "वापसा", "उधळण" हे शब्द समजतात.

मग प्रश्न येतो, पूर्ण हंगाम शूट करणं परवडतं का? कुणी केलंय का असं? केलंय. आणि तेही पब्लिक टीव्हीनंच केलंय, अमेरिकेत. त्यांच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर सप्टेंबर १९९८ मध्ये 'द फार्मर्स वाइफ' नावाचा माहितीपट लागला. डेव्हिड सदरलँड हा दिग्दर्शक. नेब्रास्का राज्यातलं एक तरुण शेतकरी जोडपं, त्यांच्यावरचं कर्ज, आणि कर्जापायी नवरा-बायकोत आलेली ओढाताण. जवळजवळ तीन वर्षं कॅमेरा त्यांच्या घरात होता. साडेसहा तासांचा कार्यक्रम, सलग तीन रात्री दाखवला. त्यात ड्रोन नाही, फेटा नाही, "जिद्द आणि चिकाटी" नाही. कर्ज देणाऱ्या ऑफिसात बसलेली बाई आहे, हिशोब जुळत नाही म्हणून रात्री जागणारं घर आहे. आणि नावातच बाई आहे, हे विशेष. आपल्याकडं खुरपणी, वेचणी, काढणी बायका करतात आणि "प्रगतशील शेतकरी" म्हणून कॅमेऱ्यासमोर मालक उभा राहतो.

नेब्रास्कातला शेकडो एकरवाला आणि आपला पाच एकरवाला यांची तुलना होत नाही, मान्य. पण कर्जाचा कागद, पावसाची वाट आणि घरातली शांतता ही सगळीकडं सारखीच. ती दाखवायला त्यांच्या पब्लिक टीव्हीनं तीन वर्षं दिली. आपण चार महिने मागतोय.

यात नुसत्या भावनेचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. २०१७ चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, उकाडा होता, औषधावर औषध मिसळून मारलं जात होतं. मेले त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे मजूर होते. औषधाच्या डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ काय, कुठली औषधं एकत्र करायची नाहीत, वारा कुठून पाहिजे, भर उन्हात पंप का घ्यायचा नाही, चक्कर आली तर दवाखान्यात जाताना डबा सोबत का न्यायचा. यावर एक चांगला, गावातल्या माणसांना घेऊन केलेला माहितीपट दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागला पाहिजे. एकदा नाही, दर वर्षी. जसा १५ ऑगस्टला झेंडा लागतो तसा. यात यशोगाथा कुठं बसवणार? इथं यश म्हणजे माणूस संध्याकाळी धडधाकट घरी आला, एवढंच.

दुसरा आक्षेप असा, की टीव्ही आता बघतो कोण? तर कोट्यवधी घरांत डीडी फ्री डिश आहे. एकदा छत्री बसवली की महिन्याला पैसे नाहीत. ज्याला स्मार्टफोनचा रिचार्ज परवडत नाही, त्या घरात तीच चालते. म्हाताऱ्या माणसांच्या घरात तीच चालते. आणि मोबाईलवाल्यांसाठी प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत वेव्हज नावाचं ॲप सुरू केलंच आहे. कार्यक्रम चांगला असला तर आमचे ग्रुप तो फुकट फिरवतील, जाहिरातीचा खर्चही वाचेल.

तिसरा आक्षेप मला एका जाणकार माणसानं ऐकवला, की "नुसतं अपयश दाखवलं तर शेतकरी खचतो." शेतकरी अपयश बघून खचत नाही, ते त्याला रोज दिसतं. टीव्हीवर सगळ्यांचं साधलेलं दिसतं आणि आपलंच साधलं नाही असं वाटतं, त्यानं तो खचतो. शेजाऱ्याचं पण गेलं आणि का गेलं हे कळलं, तर पुढच्या वर्षी तो शहाणा होतो. गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या. डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीचा विचार करा. हे पत्रकात सगळं आहे. पण फरदड ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या दोन शेतांवर एकच कॅमेरा जूनपासून जानेवारीपर्यंत फिरला, तर पत्रकाची गरज राहणार नाही. आणि फरदड ठेवणारा का ठेवतो, त्याला त्या दोन वेचण्यांच्या पैशाची गरज का पडते, हेही दिसेल. ते न समजता त्याला नुसतं "अडाणी" म्हणणं सोपं आहे.

आता विद्यापीठवाल्या मित्रांना. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, आपली चार कृषी विद्यापीठं. दरवर्षी संयुक्त ॲग्रेस्कोच्या बैठकीत नवीन वाण आणि शिफारशी मंजूर होतात. त्यामागं कित्येक वर्षांच्या चाचण्या असतात. त्यात नाकारलेलं पण पुष्कळ असतं. पण आमच्यापर्यंत येते फक्त शेवटची एक ओळ, "अमुक वाण, अमुक उत्पादन". माहितीपटात तो सगळा प्रवास येऊ द्या. कुठल्या जमिनीत वाण पडला, कुठं रोगाला बळी गेला, संशोधन केंद्रावरचा उतारा आणि कोरडवाहू शेतातला उतारा यात फरक का पडतो. तुमचा कमीपणा होणार नाही, उलट शिफारशीवर विश्वास बसेल. कॅमेरा आला की फक्त सगळ्यात चांगला प्लॉट दाखवायची सवय तुम्हीही सोडा.

तर आमची मागणी थोडक्यात अशी.

एक. आगामी शेती कार्यक्रमांचं वेळापत्रक हंगामाच्या आधी जाहीर करा आणि ते पिकाच्या तारखेला बांधा. उगवणशक्ती कशी तपासायची हे मे महिन्यात दाखवा. पेरणी झाल्यावर ते बघून काय उपयोग?

दोन. प्रत्येक विभागातलं एक तरी साधं शेत घ्या, कोरडवाहू, पाच एकरांच्या आतलं. पेरणी ते पट्टी दाखवा. मधेच पीक गेलं तर कॅमेरा परत नेऊ नका. पंचनामा, विमा, दुबार पेरणी, सगळं घ्या.

तीन. आकडा सांगाल तर खर्चासकट सांगा. घरच्या मजुरीसकट सांगा.

चार. ज्यांच्यावर पूर्वी यशोगाथा केल्या, त्यांच्याकडं तीन वर्षांनी परत जा. बाग उभी आहे का ते दाखवा. उभी असेल तर आम्ही टाळ्या वाजवू, मनापासून.

पाच. बाईला विचारा. आणि तिला विचारताना मालकाला फ्रेमच्या बाहेर ठेवा.

सहा. कार्यक्रम कायमचे मोफत उपलब्ध ठेवा, पिकानुसार आणि जिल्ह्यानुसार लावून.

हे पैशावाचून अडत नाही. ड्रोन भाड्यानं आणायचा खर्च वाचवला तरी एक पोरगा चार महिने तालुक्यात राहू शकतो. अडतं ते एका ठिकाणी, की खरी शेती दाखवली तर खरे प्रश्न पण दिसतात, आणि ते भावापर्यंत आणि धोरणापर्यंत जाऊन पोचतात. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यात बंद झाली त्या आठवड्यात एखाद्या कांदा चाळीत कॅमेरा लावला असता, तर वेगळं बोलायची गरजच पडली नसती. पब्लिक टीव्ही सरकारचा नसतो, पब्लिकचा असतो, आणि खेड्यातलं पब्लिक म्हणजे आपणच.

तुम्ही एक काम करा. तुमच्या भागातल्या कुठल्या शेतावर, कुठल्या पिकावर पूर्ण हंगामाचा माहितीपट व्हावा असं वाटतं ते खाली लिहा. पीक, तालुका आणि अडचण, तीन शब्द पुरे. सगळं एकत्र करून मी पत्रानं मुंबई केंद्राला आणि डीडी किसानला पाठवतो. सोबत माझ्या वहीचं पान जोडतो. शूटिंगला आले तर आखाड्यावर चहा-भाकरी माझ्याकडं. फेटा मात्र बांधणार नाही.